दोन नळ्या आणि एक साप

चोपड्याकडच्या एका केळीच्या बागेतली गोष्ट. त्या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची होती, म्हणून दीड वाजता मोटार सुरू करायला निघालो. पुढे सालदार काठी आपटत, मागे मी मोबाईलच्या उजेडात. बांधावरून खाली पाय टाकणार, तोच मी मागे उडालो. उडी मारली असं म्हणत नाही, कारण ठरवायला वेळच मिळाला नव्हता. पाय आधी मागे आला, छातीत धडधड नंतर सुरू झाली आणि ‘साप!’ हा विचार सगळ्यांत शेवटी पोचला. सालदाराने काठीच्या टोकाने ते काळं वेटोळं उचललं आणि हसू दाबत म्हणाला, “भाऊ, नयी शे ती. ठिबकनी नयी.”

१६ मिलिमीटरची ती नळी मीच अंथरून घेतली होती. आपल्याकडच्या वेदान्त्यांना अंधारात दोरीचा साप दिसायचा. खान्देशात दोऱ्या कमी आणि ठिबक जास्त, एवढाच फरक. पण चुकायचंच तर डोळा नेहमी त्याच बाजूला का चुकतो? नळीचा साप होतो, तसा सापाची नळी समजून कुणी बिनधास्त पाय का देत नाही? हिशेब तसा सरळ आहे. नळीला साप समजणाऱ्याचं फार तर हसं होतं. सापाला नळी समजणारे आपल्या पूर्वजांत असतीलही, पण त्यांचा वंश पुढे फारसा वाढला नसणार.

डोळ्यातून निघालेला संदेश डोक्याच्या मागच्या भागात जातो, तिथे कडा, रंग, आकार यांची छाननी होते आणि ‘ही नळी आहे’ असा निकाल लागतो. हा झाला राजरस्ता. मेंदूच्या मधोमध थॅलॅमस आहे, त्यातल्या पुल्विनार नावाच्या भागातून एक आडवाटही फुटते. ती जाते बदामाच्या आकाराच्या अमिग्डालाकडे, म्हणजे धोक्याची घंटा वाजवणाऱ्या केंद्राकडे. या वाटेने जाणारं चित्र पुसट असतं, पण लवकर पोचतं. आडवाटेवर नेमकी किती वाहतूक चालते यावरून मेंदूवैज्ञानिकांत अजून जुंपलेली असते. मात्र २०१३ साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. कधी साप न पाहिलेल्या मकाक माकडांना चित्रं दाखवली: साप, माकडांचे चेहरे, हात, साधे भौमितिक आकार. पुल्विनारमधल्या काही पेशी सापाच्या चित्राला सर्वांत आधी आणि सर्वांत जोरात प्रतिसाद देत होत्या.

लिन इझबेल या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी २००६ मध्ये यावर एक धाडसी कल्पना मांडली होती. माकडांची आणि माणसांची नजर एवढी तीक्ष्ण झाली त्यामागे साप हे एक मोठं कारण आहे, असं त्यांचं म्हणणं. गवतात दबून बसलेला साप दोन पावलं आधी दिसला तर जीव वाचतो; त्या दोन पावलांसाठी डोळा घडत गेला. सगळ्यांना ही कल्पना पटलेली नाही. मला पटते, पण मी त्या रात्री उडालेला माणूस आहे, माझी साक्ष धरू नका.

मग भीती आपण जन्मतःच घेऊन येतो का? इथे आपला समज थोडा मोडतो. ७ ते ९ महिन्यांच्या बाळांना सापाचा व्हिडिओ दाखवला, तर ती रडत नाहीत की मागे सरत नाहीत. पण सोबत घाबरलेल्या माणसाचा आवाज ऐकवला की ती सापाकडे जास्त वेळ टक लावून बघतात. हत्ती किंवा पक्षी दाखवून तोच आवाज ऐकवला तर तसं होत नाही. माकडांवरचा प्रयोग याहून गमतीचा आहे. सुझन मिनेका आणि मायकेल कुक यांनी १९८० च्या दशकात प्रयोगशाळेत वाढलेली माकडं घेतली. त्यांना सापाची मुळीच भीती नव्हती. रानातून आलेलं माकड सापाला पाहून कसं थरथरतं याची फिल्म त्यांना दाखवली आणि तीही सापाला घाबरायला लागली. मग फिल्म कापून जोडली: माकड तेच, घाबरणं तेच, फक्त सापाच्या जागी फुलं. ती पाहूनही ही माकडं फुलांना घाबरायला शिकली नाहीत.

थोडक्यात, चूल मांडलेली असते, जाळ आपण घालतो. आपल्याकडे जाळ घालायला माणसांची कमी नाही. पोर अंगणात रांगत असतं, पऱ्हाटीच्या ढिगातून काहीतरी सळसळत निघतं आणि घरातली बाई जी किंचाळते ती त्या पोराला जन्मभर पुरते. सांजवेळी तर नावसुद्धा घ्यायचं नाही. ‘लांबडं’ म्हणायचं, ‘जनावर’ म्हणायचं. कुणाला चावला तर ‘पान लागलं’. ज्याचं नाव घ्यायला भाषा कचरते, त्याची पूजाही आपणच करतो. नागपंचमीला वावरात नांगर चालत नाही, विळीवर काही चिरत नाहीत, आणि पुढच्या रविवारी खान्देशात घरोघरी कानबाई ही देवी बसते. पावसाळ्यात बिळं पाण्याने भरून सगळे साप उघड्यावर आलेले असतात. त्याच दिवसांत एक दिवस माती न खणण्याचा नेम कुणी लावून दिला ते माहीत नाही, पण लावणाऱ्याला वावर ठाऊक होतं.

भीती अजिबात नसली तर काय होतं, तेही पाहून झालंय. वैद्यकीय लेखनात ‘एस. एम.’ या आद्याक्षरांनी ओळखली जाणारी एक अमेरिकन बाई आहे. एका दुर्मीळ आजाराने तिचे दोन्ही बाजूंचे अमिग्डाला निकामी झाले. साप आपल्याला आवडत नाहीत असं ती आधी सांगायची. संशोधक तिला साप विकणाऱ्या दुकानात घेऊन गेले, तर तिने साप हातात घेतला, त्याच्या खवल्यांवरून बोट फिरवलं, जिभेला हात लावला आणि याहून मोठे, धोकादायक सापही हाताळू द्या म्हणून पुन्हा पुन्हा मागे लागली. तो अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. अशा माणसाला आपल्या वावरात एकटं सोडवणार नाही.

एवढी जुनी, एवढी चपळ यंत्रणा आपल्या डोक्यात आहे. तरीही भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. २०२० च्या मोठ्या अभ्यासातला हा आकडा. त्यातले सुमारे ७० टक्के मृत्यू ज्या आठ राज्यांत झाले, त्यांत खान्देशाला खेटून असलेले मध्य प्रदेश आणि गुजरात आहेत. निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबरमधले, बहुतेक खेड्यांतले आणि घराच्या आसपासचे. चौथाईहून जास्त १५ वर्षांखालची मुलं.

मग घंटा का वाजत नाही? कारण ती डोळ्याला बांधलेली आहे, आणि मारणारा साप बहुतेकदा दिसतच नाही.

मण्यारचंच घ्या. काळा, निळसर झाक असलेला, तेल लावल्यासारखा चकचकीत. अंगावर पांढरे बारीक पट्टे, बऱ्याचदा जोडीजोडीने, मानेकडे विरळ आणि शेपटीकडे स्पष्ट. पाठीच्या कण्यावरची खवल्यांची रांग बाकीच्यांपेक्षा मोठी, षटकोनी. त्याच्यासारखाच दिसणारा कवड्या साप बिनविषारी. त्याचे पट्टे उलट मानेकडे ठळक आणि शेपटीकडे विरत जाणारे. हे वर्णन मेलेल्या सापाजवळ बसून नीट जमतं. रात्री दोनला पोट कुठलं आणि पाठ कुठली तेही कळत नाही. मण्यार दिवसा सुस्त असतो आणि रात्री फिरतो. दुसरे साप, पाली, उंदीर शोधत तो घरात शिरतो. धान्याची पोती असलेलं घर, भाव वाढेल म्हणून कोपऱ्यात रचून ठेवलेला कापूस, भिंतीतली बिळं: उंदरांना याहून काय हवं? आणि ‘आयत्या बिळावर नागोबा’ ही म्हण प्राणिशास्त्राच्या पुस्तकात घालावी एवढी खरी आहे. आपल्या शेतशिवारातले बहुतेक साप स्वतः बीळ खणत नाहीत, उंदराने किंवा वाळवीने केलेल्या घरात राहतात.

जमिनीवर गोधडी टाकून झोपलेल्या माणसाच्या अंगाशी मण्यार येतो, झोपेत कूस बदलताना हात त्याच्यावर पडतो आणि तो चावतो. दात इतके लहान की जागा धड दिसत नाही, सूज नाही, फारशी वेदनाही नाही. डास चावला असेल म्हणून माणूस पुन्हा झोपतो. पहाटे पोटात कळ येते. घरचे म्हणतात, रात्रीची शेवभाजी बाधली, ओवा देतात. मग पापण्या जड होतात, बोलणं जड होतं, थुंकी गिळता येत नाही. मण्यारचं विष मज्जातंतूंची टोकं निकामी करतं, शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. टोकांना एकदा इजा झाली की प्रतिविष ती भरून काढू शकत नाही. टोकं पुन्हा वाढेपर्यंत रोग्याला व्हेंटिलेटरवर जगवत ठेवावं लागतं. बाहेरून मेल्यासारखा दिसणारा हा माणूस आतून पूर्ण शुद्धीवर असू शकतो, सगळं ऐकत असतो. त्याच्या उशाशी रडारड करणाऱ्यांना हे कुणीतरी सांगायला हवं.

यावरचा एक उपाय इतका साधा आहे की लिहिताना संकोच वाटतो: मच्छरदाणी, गादीखाली चारी बाजूंनी खोचलेली. नेपाळच्या आग्नेय भागातल्या अभ्यासात मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना सर्पदंश बराच कमी झालेला दिसला. बाजेवर झोपणं हेही त्यातलंच. वैशाखात पारा ४५ च्या पुढे गेला की आपण अंगणात झोपतो. साप तरी काय करणार, तोही दिवसाची भाजणी टाळून रात्रीच बाहेर पडतो.

घोणशीचं तंत्र वेगळं. ती फुत्कारते तेव्हा कुकरची शिट्टी सुटल्यासारखा आवाज येतो, पण प्रत्येक वेळी फुत्कारेलच असं नाही. तपकिरी अंगावर साखळीसारखे गोल ठिपके. सुक्या पाल्यात ती अक्षरशः विरघळते. कापूस वेचणाऱ्या बाईची नजर बोंडावर असते, पायाशी नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी मुरमाड जागेत, दगडाखाली फुरसे. वीतभर-दीड वीत लांबीचं, पण अंगाच्या वळ्या एकमेकांवर घासून करवतीसारखा आवाज काढत चिडलेलं. ही दोन आणि नाग, मण्यार, असे जीव घेणारे मुख्य चार साप. भारतात मिळणारं प्रतिविष घोड्यांच्या रक्तातून तयार करतात, ते या चौघांवर मिळून असतं.

आणि काठी पडते कुणावर? धामणीवर. सहा-सात फूट लांब, दिवसा हिंडणारी, डोळ्यात भरणारी, विषाचा थेंब नसलेली. घंटा नेमकी तिच्यासाठी खणखणते. ‘धामण माणसाच्या मागे लागते’ हे मी किमान वीस जणांकडून शपथेवर ऐकलंय. ती लागते आपल्या बिळाच्या मागे. बीळ आपल्या पाठीशी असलं की संपलं, गावभर गोष्ट होते. उंदरांचा एवढा काळ दुसरा नाही, पण साप साप म्हणून भुई धोपटायची म्हटली की पहिला तडाखा तिलाच.

सालदाराच्या काठीकडे मी आता वेगळ्या नजरेने बघतो. तो ती मारायला बाळगत नाही, आपटायला बाळगतो. सापाला बाहेरचे कान नसतात, पण जमिनीला टेकलेल्या जबड्यातून हादरे आतल्या कानापर्यंत पोचतात. माणूस म्हणजे सापाला गिळता न येणारी, तुडवू शकणारी वस्तू. तिच्यावर विष खर्च करण्यात त्याचा काही फायदा नाही. काठी आपटली की तो बाजूला होतो आणि आपल्याला कळतही नाही.

तरी पान लागलंच तर? आवळून दोरी बांधायची नाही, चिरा द्यायचा नाही, तोंडाने चोखायचं नाही, साप पकडायला धावायचं नाही. चावलेला हात किंवा पाय मोडल्यासारखा स्थिर ठेवायचा, अंगठ्या, कडं, पैंजण काढायचे आणि जिथे प्रतिविष आहे तिथे गाडी काढायची. मांत्रिकाकडे बरे झालेले लोक असतात, ते खोटं नाही. बिनविषारी साप चावलेले आणि विषारी सापाने विष न सोडता चावलेले दोघेही तिथे बरे होतात. लहान मुलालाही मोठ्या माणसाएवढंच प्रतिविष देतात, कारण मोजायचं असतं सापाने सोडलेलं विष, मुलाचं वजन नाही.

दवाखान्यात पहिली तपासणी यंत्राशिवाय होते. शिरेतून २ मिलिलिटर रक्त काढून काचेच्या नव्या, कोरड्या नळीत घालतात. प्लास्टिकची चालत नाही, कारण काचेच्या स्पर्शाने रक्त गोठायला लागतं. साबणाने धुतलेली काचही दगा देते. नळी टेबलावर उभी ठेवतात आणि २० मिनिटं तिला कुणी हात लावत नाही, हलवून बघत नाही. रोग्याचा भाऊ घड्याळाकडे बघतो, मग नळीकडे, पुन्हा घड्याळाकडे. वेळ झाली की डॉक्टर ती एकदाच तिरकी करतात. घोणस किंवा फुरसे असेल, तर विषाने रक्त गोठवणारा माल आधीच संपवलेला असतो आणि रक्त पाण्यासारखं काचेवरून ओघळतं. मग लगेच प्रतिविषाच्या बाटल्या फुटतात. रक्त गोळा होऊन जागच्या जागी बसलं तरी सुटका नाही. अर्ध्या तासाने दुसरी नळी भरायची, पुन्हा २० मिनिटं.