ग्लुटेनमुक्त बिअर आणि ग्लुटेन तोडलेली बिअर: परीक्षकाने कोणती कशी चाखावी

ग्लुटेन, म्हणजे गहू-जवासारख्या धान्यांतले प्रथिन, टाळणाऱ्यांसाठी विकल्या जाणाऱ्या बिअर दोन अगदी वेगळ्या वाटांनी तयार होतात. पण त्यांच्या बाटल्यांवरचा मजकूर इतका सारखा असतो की पिणारे, विकणारे आणि कधीकधी स्पर्धेत गुण देणारे परीक्षकही त्यांना एकाच खात्यात टाकतात. पहिल्या वाटेने जाणारा ब्रूअर जव, गहू आणि राय यांना ब्रूअरीच्या दारातच अडवतो आणि ज्वारी, प्रोसो मिलेट, तांदूळ, कुट्टू अशा मुळातच ग्लुटेन नसलेल्या धान्यांपासून बिअर करतो. दुसऱ्या वाटेने जाणारा नेहमीसारखे जवाचे माल्ट (मोड आणून वाळवलेले धान्य) वापरतो आणि बिअर आंबत असताना तिच्यात एक एन्झाइम घालून ग्लुटेनच्या प्रथिनांचे बारीक तुकडे करतो. सीलिअॅक रुग्णासाठी, म्हणजे ग्लुटेनने ज्याच्या आतड्याला इजा होते त्याच्यासाठी, हा फरक प्रकृतीचा आहे आणि परीक्षकासाठी न्यायाचा, कारण या दोन बिअरांना एकच माप लावले तर निदान एकीवर तरी अन्याय होतोच.

आधी दुसरी वाट पाहू, कारण ती समजायला सोपी आहे. जवातील हॉर्डीन या प्रथिनात प्रोलिन नावाचे अमिनो आम्ल भरपूर असते आणि अॅस्परजिलस नायजर या बुरशीपासून मिळवलेले एक एन्झाइम नेमके त्या प्रोलिनजवळ प्रथिनाची साखळी तोडते. गंमत अशी की हे एन्झाइम मूळात ग्लुटेनसाठी बाजारात आलेच नव्हते. बिअर थंड केल्यावर तिच्यात जो गढूळपणा येतो, तो प्रोलिनयुक्त प्रथिने पॉलिफेनॉलांना चिकटल्यामुळे येतो आणि तो टाळण्यासाठी ब्रूअर हे एन्झाइम वापरत असत. ग्लुटेनची मोजणीही त्यामुळे खाली येते हे लक्षात आल्यावर त्याला नवे गिऱ्हाईक मिळाले. बार्सिलोनाच्या डॅम कंपनीची ‘डॉरा’ आणि अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात २०१२ मध्ये आलेली ‘ओमिशन’ या जवापासूनच केलेल्या प्रसिद्ध बिअर आहेत.

अशी बिअर चाखताना परीक्षकाला विशेष असे काही सापडत नाही आणि सापडूही नये. त्याच ब्रूअरीची एन्झाइम घातलेली आणि न घातलेली बिअर तीन सारख्या ग्लासांत, दोन एकीचे आणि एक दुसरीचा अशी ओतून ‘वेगळा ग्लास कोणता’ असे विचारले, तर अनुभवी माणसालाही बहुधा अंदाजच करावा लागतो, आणि अशा चाचणीत निव्वळ अंदाज तीनांतून एकदा बरोबर येतोच. फार तर थंड ग्लास उजेडात धरल्यावर द्रव थोडा अधिक नितळ दिसेल. पण नितळपणा आणण्याचे इतर उपाय असल्यामुळे त्यावरून निष्कर्ष काढता येत नाही. म्हणून तिला गुण देताना सवलतीची गरज नाही. ती पेल एल असेल तर पेल एलच्या आणि लागर असेल तर लागरच्या निकषांवर उतरलीच पाहिजे. अमेरिकेतील बीजेसीपी या परीक्षक-संस्थेची शैली-मार्गदर्शिका हेच सांगते: प्रक्रियेने ग्लुटेन काढलेली बिअर तिच्या मूळ शैलीच्या गटात दाखल करावी, आणि ‘पर्यायी धान्याची बिअर’ हा ३१ए गट सर्वस्वी ग्लुटेनमुक्त घटकांपासून केलेल्या बिअरसाठी खुला असावा. सर्वत्र ही शिस्त पाळली जात नाही. ‘डॉरा’ने वर्ल्ड बिअर अवॉर्ड्समध्ये ग्लुटेनमुक्त गटातच पारितोषिके मिळवली आहेत, आणि जवाची बिअर ज्वारीच्या बिअरशेजारी ठेवली की कोण जिंकणार हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

जिभेला न सापडणारा हा फरक प्रयोगशाळेलाही सहज सापडत नाही. ग्लुटेनमुक्त म्हणवण्यासाठी कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकांची, युरोपची, अमेरिकेची आणि आपल्या एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचीही मर्यादा किलोमागे २० मिलिग्रॅम आहे. प्रश्न ते मोजण्याचा आहे. एलायझा या चाचणीत प्रतिपिंडांच्या मदतीने प्रथिन शोधतात; तिच्या नेहमीच्या प्रकारात प्रतिपिंडांना प्रथिन पकडण्यासाठी त्याच्यावर दोन जागा लागतात. तुकडे झाल्यावर एकाच तुकड्यावर दोन्ही जागा उरतीलच असे नाही, आणि मग आकडा कमी येतो. एकाच जागेवर भागणारी ‘स्पर्धात्मक’ एलायझा त्यासाठी वापरतात. पण त्या तुकड्यांचा रुग्णाच्या शरीरावर काय परिणाम होतो, हे तीही सांगू शकत नाही. शिकागो विद्यापीठाच्या सीलिअॅक केंद्राच्या सहभागाने झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात काही रुग्णांच्या रक्तातील प्रतिपिंडांनी ग्लुटेन तोडलेल्या बिअरला प्रतिसाद दिला होता. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२० च्या नियमात आंबवलेल्या पदार्थांसाठी अंतिम आकड्यावर विसंबण्याऐवजी आंबवण्यापूर्वीचा कच्चा मालच ग्लुटेनमुक्त असावा, अशी अट घातली. तिथे जवाच्या बिअरवर फार तर ‘ग्लुटेन काढण्यासाठी प्रक्रिया केलेली’ असे लिहिता येते आणि त्यासोबत ग्लुटेनचे प्रमाण पडताळता येत नाही, अशी सूचना द्यावी लागते. ऑस्ट्रेलिया त्याहून कडक आहे. युरोपात मात्र मोजणी २० च्या आत आली, की जवाच्या बिअरवरही ‘ग्लुटेनमुक्त’ छापता येते, फक्त जवाचा उल्लेख करावा लागतो. म्हणून सीलिअॅक असलेल्या परीक्षकाला अशी बिअर चाखायला देऊ नये, मग चिठ्ठीवर काहीही लिहिलेले असो.

खरी कसोटी पहिल्या वाटेवर लागते. साध्या पोषणाच्या दृष्टीने ज्वारी जवाच्या तोडीस तोड आहे, पण ब्रूअरच्या दृष्टीने नाही. जवाचा स्टार्च साधारण ६० ते ६५ अंश सेल्सियसला फुगून मऊ होतो आणि त्याच तापमानात माल्टमधली एन्झाइमे त्याची साखर करतात. ज्वारीचा किंवा मिलेटचा स्टार्च ७० अंशांच्या आसपास किंवा त्याच्याही पुढे मऊ होतो, तोवर साखर करणारे मुख्य एन्झाइम उष्णतेने निकामी झालेले असते, आणि ज्वारीच्या माल्टमध्ये ते मुळातच कमी असते. शिवाय ज्वारीच्या दाण्याला जवासारखे टरफल नसल्यामुळे गाळताना चोथा चिकटून बसतो. त्यात भाताची तुसे मिसळावी लागतात. या कटकटीला कंटाळून सुरुवातीच्या बऱ्याच ब्रूअरांनी पांढऱ्या ज्वारीचे तयार सिरप वापरले.

त्या सिरपच्या बिअरने या साऱ्या प्रकाराचे नाव खराब केले, असे माझे मत आहे. अशी बिअर ग्लासात ओतली की फेस झटकन वर येतो, बुडबुडे मोठे असतात, आणि पहिल्या घोटापूर्वीच कडेला पातळ कडे तेवढे उरते. वासात सफरचंदाच्या सायडरची छटा येते, जिभेच्या कडांना आंबूस चुरचुर आणि गिळल्यावर थोडी धातूसारखी चव जाणवते, तर मधला भाग पाणचट लागतो. यातले काय धान्याचे आणि काय ब्रूअरचे, हे वेगळे करणे हेच परीक्षकाचे काम. आंबूसपणा आणि हलके अंग (तोंडात जाणवणारा कमी दाटपणा) हा सिरपचा स्वभाव आहे. हिरव्या सफरचंदाचा किंवा लोण्याचा ठळक वास मात्र बहुतेक वेळा उपाशी यीस्टचा असतो, कारण सिरपमध्ये यीस्टला लागणारी नायट्रोजनयुक्त पोषकद्रव्ये अपुरी असतात, आणि ती पुरवणे ब्रूअरच्या हातात असते. तिथे गुण कापावेत. धातूच्या चवीची शंका आल्यास बिअरचा थेंब हाताच्या पाठीवर चोळून हुंगावा. लोहाचा वास स्पष्ट आला, तर दोष पाण्यात किंवा भांड्यात शोधावा, ज्वारीच्या माथी मारू नये.

माल्ट केलेल्या धान्यांनी चित्र पालटले. माँट्रियलच्या ‘ग्लुटेनबर्ग’ने २०१२ च्या वर्ल्ड बिअर कपमध्ये ग्लुटेनमुक्त गटातली तिन्ही पदके नेली; पोर्टलंडच्या ‘ग्राउंड ब्रेकर’ने भाजलेले चेस्टनट आणि मसूर वापरून गडद बिअरला अंग दिले; सिएटलच्या ‘घोस्टफिश’ने मिलेट, कुट्टू आणि तांदळाच्या माल्टवर भर दिला. मिलेटच्या माल्टला हलका सुकामेव्याचा आणि बिस्किटाचा गंध असतो, कुट्टू मातकट खोली आणि बरा टिकणारा फेस देतो, तर तांदूळ चव स्वच्छ ठेवतो. इथे परीक्षकाने ‘ही जवाच्या बिअरच्या किती जवळ आली’ हा प्रश्न सोडून द्यावा. ज्वारीच्या भाकरीला पोळीच्या मऊपणाचे गुण कोणी देत नाही. पीठ ताजे होते का, ती नीट भाजली आणि फुगली का, एवढेच आपण पाहतो.

बीजेसीपीच्या ५० गुणांच्या तक्त्यात गंधाला १२, रूपाला ३, चवीला २०, तोंडातल्या स्पर्शाला ५ आणि एकूण परिणामाला १० गुण असतात. फेस मावळला म्हणून रूपातला एखादा गुण जाऊ द्यावा. पण त्याच उणिवेची शिक्षा स्पर्शात आणि पुन्हा एकूण परिणामात करणे, हा नवख्या परीक्षकांचा नेहमीचा अतिरेक आहे. नोंदपत्रात धान्याचे नाव असलेच पाहिजे, कारण ते माहीत नसताना कुट्टूचा मातकटपणा बुरशीचा वाटू शकतो.

मांडणीतही थोडी काळजी हवी. दोन्ही प्रकार एकाच फेरीत ठेवू नयेत, आणि ठेवावेच लागले तर पर्यायी धान्याच्या बिअर आधी, स्वच्छ जग आणि ग्लासांतून द्याव्यात. आपल्याकडे एखाद्या मायक्रोब्रूअरीच्या फळ्यावर ज्वारीची किंवा बाजरीची बिअर दिसली, तर तिला यांपैकी कोणत्याही खात्यात टाकण्यापूर्वी दोन गोष्टी विचाराव्यात: मूळ माल्ट जवाचे आहे का, आणि यीस्ट आधीच्या जवाच्या बिअरमधून काढून पुन्हा वापरले आहे का. पहिल्याचे उत्तर होकारार्थी असेल, तर ज्वारी तिथे केवळ चवीपुरती आहे. दुसऱ्याचे असेल, तर धान्य शुद्ध असूनही थोडे ग्लुटेन यीस्टबरोबर टाकीत आलेले असते.