शहरी प्रवासी रेल्वेचे प्रकार

शहरात व उपनगरांत प्रवाशांची ने-आण करणाऱ्या रेल्वेचे ट्राम, लाइट रेल, मेट्रो आणि उपनगरी रेल्वे हे मुख्य प्रकार आहेत. नाव किंवा डब्यांचा आकार पाहून प्रकार ठरवू नये, मार्ग पाहावा. लंडनची डॉकलँड्स लाइट रेल्वे (१९८७) रस्त्यापासून पूर्ण अलग मार्गावर चालकाविना धावते, म्हणजे कामाने ती मेट्रोच आहे.

ट्राम रस्त्यात बसवलेल्या खोबणीच्या रुळांवरून मोटारींबरोबर धावते. चालक बव्हंशी नजरेच्या भरवशावर गाडी हाकतो. पोलादी चाकाची पोलादी रुळावर पकड कमी, त्यामुळे आणीबाणीत रुळावर वाळू सोडतात आणि रुळाला चिकटणारे विद्युतचुंबकी ब्रेक लावतात. गाडीला बाजूने वळसा घालता येत नाही. रुळालगत एक मोटार आडवीतिडवी उभी राहिली की मागच्या सगळ्या ट्राम खोळंबतात. पादचारी रूळ ओलांडत असल्याने वीज बहुधा डोक्यावरच्या तारेतून, ६०० ते ७५० व्होल्ट दाबाने घेतात.

लाइट रेलला बहुतेक ठिकाणी स्वतःचा पट्टा असतो, पण चौकात रस्ता तिला छेदतो. सिग्नलवर तिला अग्रक्रम देता येतो, मात्र त्यालाही मर्यादा आहे. दोन्ही दिशांनी दर दोन मिनिटांला गाडी आली, तर आडव्या रस्त्याला हिरवा दिवा मिळायला वेळच उरत नाही. गाडीची लांबीही दोन चौकांमधल्या अंतराएवढीच ठेवावी लागते, नाहीतर थांब्यावर उभी गाडी मागचा चौक अडवते.

मेट्रोचा मार्ग भुयारी, उन्नत किंवा कुंपणबंद असतो. त्याला कुठेही फाटक नसते. म्हणूनच रुळाशेजारच्या तिसऱ्या रुळातून वीज घेणे शक्य होते. लंडनमध्ये १८६३ साली पहिली भुयारी रेल्वे वाफेच्या इंजिनावर सुरू झाली. विजेवर धावणारी खोल भुयारातली गाडी १८९० साली आली. गाडीत १,२०० प्रवासी आणि दर अडीच मिनिटांला एक गाडी धरली, तर एका दिशेने तासाला २८,८०० प्रवासी जातात. हा आकडा कागदावरचा. प्रत्यक्षात तो फलाटावर घसरतो: गर्दीमुळे दार ३० ऐवजी ५० सेकंद उघडे राहिले की मागची गाडी स्थानकाबाहेर थांबते, पुढच्या फलाटावर गर्दी आणखी साचते आणि विलंब वाढतच जातो. यावर जास्त वेगापेक्षा रुंद दारे, डब्याच्या पातळीचा फलाट आणि चढणाऱ्या-उतरणाऱ्यांना वेगळी वाट हे उपाय अधिक कामाचे ठरतात.

उपनगरी रेल्वेची स्थानके दूरदूर, गाड्या लांब आणि वेग जास्त. ती अनेकदा लांब पल्ल्याच्या व मालगाड्यांचेच रूळ वापरते, म्हणून त्यांचा उशीर तिच्याही वाट्याला येतो. शेवटच्या स्थानकात गाडीची दिशा बदलण्यात फलाट अडकून पडतात. म्युनिकमध्ये १९७२ साली शहराखालून बोगदा काढून दोन्हीकडचे मार्ग जोडले, तेव्हा गाड्या मध्येच न परतता आरपार जाऊ लागल्या.

या प्रकारांच्या सीमा पक्क्या नाहीत. जर्मनीतील कार्ल्सरूहे येथे १९९२ पासून ट्रामगाड्या मुख्य रेल्वेमार्गावरही धावतात. त्यासाठी गाडीला शहरातला ७५० व्होल्टचा एकदिश (डीसी) आणि रेल्वेवरचा १५,००० व्होल्टचा प्रत्यावर्ती (एसी), असे दोन्ही विद्युत्पुरवठे चालावे लागतात. मोनोरेल एकाच तुळईवर बसून किंवा तिला लटकून धावते. जर्मनीतील वुपरटालची लटकती गाडी १९०१ पासूनची. मोनोरेलला जमीन कमी लागते, पण मार्ग बदलताना रुळाचे टोक सरकवून भागत नाही, अख्खी तुळईच हलवावी लागते. फाटे फुटणाऱ्या मोठ्या जाळ्यांसाठी ती म्हणूनच क्वचित निवडली जाते.