पीओपीचं छत की जिप्समचं? नक्षीच्या अंगाने पाहिलं तर

फॉल्स सीलिंग करायचं ठरलं की पहिल्याच बैठकीत प्रश्न निघतो: पीओपी, म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिस, करायचं की जिप्समचे तयार बोर्ड लावायचे? विचारणारा आणि सांगणारा, दोघंही ही दोन वेगळी द्रव्यं आहेत असं धरूनच बोलत असतात. खरं तर दोन्हींचं मूळ एकच खनिज आहे, आणि रंगाचा हात फिरल्यावर खाली उभं राहून फरक ओळखणं भल्याभल्यांना जमत नाही. पण छतावर नक्षी हवी असेल, तर मात्र या दोघांचे स्वभाव अगदी वेगळे पडतात. तो फरक लक्षात न घेता निवड केली की काम बिघडतं, आणि एकदा बिघडलेलं छत वर्षानुवर्षं डोक्यावर राहतं.

जिप्सम हा मऊ दगड. नखाने ओरखडला तरी त्यावर रेघ उठते. त्याच्या स्फटिकातच वजनाच्या सुमारे 21 टक्के पाणी बांधलेलं असतं. साधारण 150 अंश सेल्सिअसला तो भाजला की त्यातलं तीन चतुर्थांश पाणी निघून जातं आणि जी पांढरी भुकटी उरते तीच प्लास्टर ऑफ पॅरिस. पॅरिसचं नाव चिकटलं ते तिथल्या मोंमार्त्र टेकडीतल्या जिप्समच्या खाणींमुळे. या भुकटीत पाणी घातलं की ती गेलेलं पाणी परत घेते, हाताला जाणवेल इतकी तापते, सुईसारखे बारीक स्फटिक एकमेकांत गुंततात आणि तिचा पुन्हा जिप्सम होतो. म्हणजे वाळलेलं पीओपीचं छत हे रसायन म्हणून जिप्समचंच छत असतं. उलट, जिप्सम बोर्डाचा गाभासुद्धा कारखान्यात हीच भुकटी कालवून, दोन कागदांच्या मध्ये ओतून तयार होतो.

मग फरक कशात? पाणी कुठे पडलं यात. पीओपीत ते जागेवर, कारागिराच्या घमेल्यात पडतं. बोर्डात ते कधीच कारखान्यात पडून, कामी येऊन, सुकून गेलेलं असतं. पहिल्यात ओल्या प्लास्टरला आकार देता येतो. दुसऱ्यात तयार पाटा हातात येतो, तो कापायचा, वाकवायचा, स्क्रूने बसवायचा. नक्षीचा सगळा हिशोब इथूनच सुरू होतो.

ओलं प्लास्टर घट्ट होताना किंचित फुगतं, साधारण 0.2 ते 0.3 टक्के. आकडा क्षुल्लक वाटतो, पण साच्यातून काढलेल्या फुलाची पाकळी इतकी धारदार येते ती या फुगण्यामुळेच. सिमेंट सुकताना आकसतं, त्यामुळे साच्याच्या कोपऱ्यातून मागे सरतं. प्लास्टर मात्र कोपऱ्यात घुसतं. साचा रबराचा असेल तर आतून खोल वळलेली पानंही न तुटता सुटतात, कारण साचाच वाकवून सोडवता येतो. मधलं चक्र, कोपऱ्यातली वेल, कॉर्निसखालची (भिंत आणि छत जुळतात तिथल्या उठावदार पट्टीखालची) दातेरी पट्टी ही सगळी उठावाची नक्षी पीओपीचं खरं माहेर.

कॉर्निस ओढताना एकदा तरी जवळून पाहावं. पत्र्याचा फर्मा लाकडाला ठोकलेला असतो, त्याच्या कडेला कॉर्निसचा छेद उलटा कापलेला. पट्टीच्या आधाराने कारागीर तो फर्मा ओल्या प्लास्टरवरून एकाच दिशेला ओढत नेतो. पहिल्या फेरीत नुसता ओबडधोबड ढीग दिसतो. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत कडा दिसायला लागतात, मग पातळ मिश्रणाचा हात देऊन शेवटची फेरी, आणि काचेसारखी गुळगुळीत रेषा भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावते. हे सगळं प्लास्टर घट्ट व्हायच्या आत, म्हणजे मिनिटांच्या हिशोबात उरकायचं असतं. कालवलेलं घमेलं घट्ट व्हायला लागलं की त्यात पुन्हा पाणी घालून ते चालवणं हा सगळ्यात वाईट मोह. गुंतू लागलेले स्फटिक मोडतात, आणि असं मेलेलं प्लास्टर पुढे बोटाने खरवडलं तरी भुकटी देतं. कारागीर थोडं थोडं कालवतो की एकदम मोठं घमेलं भरतो, एवढं बघितलं तरी त्याच्या कामाचा अंदाज येतो.

प्लास्टर ठिसूळ असतं, त्याला आतून ताण सोसणारं काहीतरी लागतं. जागेवरच्या कामात जाळी किंवा काथ्या असतो. तयार पॅनेलांसाठी लेओनार देसाशी या फ्रेंच माणसाने 1856 मध्ये तागाचं कापड प्लास्टरमध्ये भिजवून पातळ पण मजबूत नक्षीपाटे ओतण्याच्या पद्धतीचं ब्रिटिश पेटंट घेतलं. जड नक्षी हलकी झाली आणि ती टांगता येऊ लागली. पुढच्या पिढ्यांची कित्येक नाट्यगृहं अशाच छतांनी सजली. मात्र टांगण्याचा दोर नक्षीइतकाच महत्त्वाचा असतो. लंडनच्या अपोलो थिएटरमध्ये 19 डिसेंबर 2013 रोजी प्रयोग चालू असताना छताचा भाग प्रेक्षकांवर कोसळला. छत लाकडी सांगाड्याला धरून ठेवणाऱ्या, प्लास्टरमध्ये भिजवलेल्या तागाच्या पट्ट्या काळाने जीर्ण झाल्या होत्या. खालून तर छत सुंदरच दिसत होतं. म्हणून जुनं नक्षीदार छत रंगवण्याआधी वर चढून त्याची पाठ तपासायला हवी. हे मी प्रत्येकाला सांगतो, आणि कंटाळा न करता सांगत राहीन.

आता बोर्ड. ऑगस्टीन सॅकेट यांनी 1894 मध्ये अमेरिकेत कागद आणि प्लास्टरच्या थरांच्या पाट्याचं पेटंट घेतलं, तो आजच्या बोर्डाचा पूर्वज. आजचा नेहमीचा बोर्ड 12.5 मिलिमीटर जाड असतो. त्याची ताकद गाभ्यात कमी आणि कागदात जास्त. नक्षीच्या दृष्टीने हेच सगळ्यात महत्त्वाचं, कारण कागद खरवडला की बोर्ड लुळा पडतो. त्याच्या अंगावर उठाव कोरता येत नाही.

म्हणून बोर्डाची शोभा वेगळ्या जातीची असते: रेघ, थर आणि सावली. एका पातळीखाली दुसरी पातळी सोडायची. भिंत आणि छत यांच्यात बोटभर झिरी ठेवायची, म्हणजे छत तरंगल्यासारखं दिसतं. कडेच्या पन्हळीत दिवे लपवून उजेड वरच्या थरावर पसरू द्यायचा. वक्र हवा असेल तर 6 मिलिमीटरच्या आसपासचा पातळ बोर्ड ओला करून वाकवतात, किंवा जाड बोर्डाच्या पाठीला समांतर चिरा देतात. मागे धातूच्या पट्ट्यांचा सरळ सांगाडा असल्यामुळे लांबलचक रेषा इथे जशी सुतात येते तशी हाताने थापलेल्या पीओपीत येणं कठीण. मोठ्या सपाट छताला मी तरी डोळे झाकून बोर्डच सांगेन.

बोर्डाचा कच्चा दुवा म्हणजे सांधा. बोर्डाची लांब कड मुद्दाम थोडी चेपलेली असते. त्या खोलगट जागेत कागदी पट्टी आणि सांधा भरायचा मसाला बसतो, मग पृष्ठभाग सलग होतो. कापलेल्या कडेला हा उतार नसतो, तिथे सांधा फुगवटा धरतो. वरून पडणाऱ्या उजेडात तो दिसत नाही. खिडकीतून संध्याकाळचं तिरपं ऊन आलं, किंवा भिंतीलगत दिवा लावला, की प्रत्येक सांधा सावली टाकतो. गंमत अशी की जो तिरपा उजेड बोर्डाचे दोष उघडे पाडतो, तोच पीओपीच्या उठावाला जिवंत करतो. उठावाच्या छताला मधोमध एकच झगझगीत दिवा देणं म्हणजे कारागिराची मेहनत पुसून टाकणं.

तडेही वेगळे. पीओपीचा तडा वेडावाकडा, नकाशातल्या नदीसारखा जातो. बोर्डाचा तडा सरळ रेषेत, सांध्यावरून. पीओपी भरताना जुनं कोरडं प्लास्टर आधी ओलं करावं लागतं, नाहीतर ते नव्यातलं पाणी शोषून घेतं आणि भरलेला भाग सुटतो. बोर्डाचा खराब तुकडा चौकोनी कापून, मागे आधार देऊन नवा बसवतात. गळतीपुढे दोघंही हतबल, कारण जिप्सम पाण्यात थोडा का होईना विरघळतो. आगीत दोघंही चांगले, कारण स्फटिकातलं पाणी उडून जाईपर्यंत मागची बाजू फारशी तापत नाही.

लोक चुकतात ते दोन ठिकाणी. एक, बोर्डाच्या छताला चुना-प्लास्टरच्या जुन्या दिवाणखान्याची नक्षी हवी म्हणून थरावर थर चढवत जातात. नक्षी तर येत नाहीच, छत मात्र खाली उतरत जातं. दुसरं, उंची कमी असताना हातभर खोल उठाव. साध्या घरगुती उंचीला बोटभर उठाव भरपूर झाला. दोन्ही हवंच असेल तर सरळ मार्ग आहे: सपाट भाग बोर्डाचा करा, आणि चक्र नि कॉर्निस पीओपीत वेगळे ओतून, नुसते चिकटवून न सोडता, सांगाड्याला स्क्रूने धरा.

आधीपासून असलेलं छत कशाचं आहे हे कळायला दिवा काढून भोकाची कड पाहा. कागदाची पातळ साल आणि आत सारख्या जाडीचा पांढरा गाभा दिसला तर बोर्ड. जाडी कमीजास्त, मधून जाळीची तार किंवा काथ्याचा धागा डोकावतोय, तर पीओपी. वीज आधी मुख्य बटणापासून बंद करायला विसरू नका.