टेली हवी की झूम? फिल्म कॅमेऱ्यासाठी दूरची लेन्स घेताना

जुना फिल्म एसएलआर, म्हणजे लेन्स बदलता येणारा कॅमेरा, हाती आला, ५० एमएमवर दोन-चार रोल काढून झाले, की पुढची मागणी ठरलेली असते: "एखादी झूम बघायचीय." दुकानदार समोर ७०-२१० एमएमची लेन्स ठेवतो आणि व्यवहार होतो. पण मागणाऱ्याला खरं तर दूरचं जवळ आणायचं असतं, म्हणजे त्याला टेली हवी असते. आपल्याकडे लांबुडक्या दिसणाऱ्या कुठल्याही लेन्सला सर्रास झूम म्हणतात, आणि त्यात पैसे भलतीकडे जातात.

लेन्सवरचा एमएमचा आकडा म्हणजे तिची फोकल लेंथ. जिची फोकल लेंथ बदलता येते ती झूम. जिची फोकल लेंथ मोठी ती टेली. ५० एमएममधून साधारण ४६ अंशांचा देखावा दिसतो, १३५ मधून १८ आणि २०० मधून जेमतेम १२. १९५९ साली एसएलआरसाठी आलेली पहिली झूम, फोक्टलेंडरची झूमार, ३६-८२ एमएमची होती. दूरचं टिपायला तिचा फारसा उपयोग नव्हता. उलट निकॉरची, म्हणजे निकॉनच्या लेन्सची, १३५ एमएम पक्की टेली, आणि झूम तिच्यात अजिबात नाही. ७०-२१० दोन्ही आहे, म्हणून घोळ होतो.

डिजिटलवर हा घोळ खपून जातो, कारण उजेड कमी पडला की आयएसओ, म्हणजे उजेड टिपायची संवेदनशीलता, वाढवता येतो. फिल्मवर एकदा आयएसओ ४०० चा रोल भरला की ३६ फोटो संपेपर्यंत ४०० च. समजा, संध्याकाळी अंगणात आजी बसलीय आणि कॅमेऱ्यातला उजेडाचा मीटर एफ/२.८ ला १/२५० सेकंदाचा शटर सांगतोय. (एफचा आकडा म्हणजे अपर्चर, लेन्सचं आतलं भोक; आकडा मोठा तितकं भोक लहान आणि उजेड कमी.) १३५ एफ/२.८ हातात असेल तर काम झालं, कारण हात हलू नये म्हणून शटर निदान १/१३५ च्या पुढे हवा आणि तो मिळतोय. तेच २०० एमएमवर एफ/५.६ पर्यंतच उघडणारी झूम असेल तर शटर १/६० वर येतो, आणि हवा असतो १/२०० च्या वर. फोटो हलणारच. आजीच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या पुसट होऊन येतात आणि ते कळतं रोल धुऊन आल्यावर.

दुसरी गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही. निकॉनच्या एफएम२सारख्या हाताने फोकस करायच्या कॅमेऱ्यात व्ह्यूफाइंडरच्या मधोमध एक दुभंगलेलं वर्तुळ असतं. वरचा आणि खालचा तुकडा जुळला की फोकस बसला. लेन्स एफ/५.६ ची असेल तर त्या वर्तुळाचा अर्धा भाग काळा पडतो. डोळा जरा वर-खाली केला की दुसरा अर्धा काळा. कडेच्या खरबरीत काचेवर फोकस करता येतो, पण बोलणारा, हसणारा माणूस तेवढा वेळ थांबत नाही. एफ/२.८ च्या लेन्सवर वर्तुळ स्वच्छ दिसतं. हा फरक मला बाकी सगळ्यापेक्षा मोठा वाटतो, कारण फोकस आपल्याच डोळ्यांनी करायचा आहे.

म्हणून पहिली दूरची लेन्स म्हणून मी १३५ एफ/२.८ सुचवतो. माणसांचेच फोटो काढायचे असतील तर निकॉरची १०५ एफ/२.५ त्याहून गोड. स्टीव्ह मॅकरीने १९८४ मध्ये पेशावरजवळच्या निर्वासित छावणीत हिरव्या डोळ्यांच्या अफगाण मुलीचा फोटो काढला तो याच फोकल लेंथवर.

झूमची जागा वेगळी आहे. जिथे आपल्याला पाय हलवता येत नाहीत, तिथे ती हवीच. दिवे घाटात ज्ञानोबांची पालखी चढताना बघायला वरच्या कड्यावर एकदा जागा धरली की ती सोडता येत नाही. नागमोडी रस्त्यावरची सगळी माणसं ७० वर, रथ एकटा २१० वर, दोन्ही त्याच जागेवरून मिळतात. तिथे १३५ घेऊन बसलं की रथ लहान दिसतो आणि घाट मावत नाही. फक्त झूम घ्यायची तर शेवटपर्यंत एफ/४ टिकवणारी घ्या. निकॉनच्या सिरीज ई मधली ७०-२१० तशी आहे, पण वजन पाऊण किलोच्या आसपास. दिवसभर गळ्यात वागवायची तयारी ठेवा.

जुनी लेन्स घेताना मागून टॉर्च मारून आत बघाच. आपल्या पावसाळ्यात कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते, आणि त्या ७०-२१० मध्ये १३ भिंगं आहेत, १३५ एफ/२.८ मध्ये ५. साफ करायचा खर्चही त्याच हिशोबाने वाढतो. अपर्चरच्या पात्यांवर तेल नको. एफएम२सारखा जुना निकॉन असेल तर 'जी' लेन्स घेऊ नये, तिला अपर्चरची रिंगच नसते. आणि पुढे-मागे सरकवायची झूम असेल तर तिचं तोंड जमिनीकडे करून धरा. नळी आपोआप घसरत असेल तर ती कड्यावरून खाली रोखल्यावरही तशीच घसरणार.