खांद्याची कंडरा फाटणे (रोटेटर कफची इजा)

खांद्याच्या सांध्याभोवतालच्या चार स्नायूंच्या कंडरांपैकी (कंडरा म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी चिवट पट्टी; या चौघांच्या वेढ्याला रोटेटर कफ म्हणतात) एखादी किंवा अधिक कंडरा झिजून अथवा झटक्याने फाटण्याची अवस्था. सुप्रास्पायनेटस, इन्फ्रास्पायनेटस, टेरेस मायनर आणि सबस्कॅप्युलॅरिस हे ते चार स्नायू खवाट्याच्या हाडावरून निघतात आणि दंडाच्या हाडाच्या गोल डोक्याला पकडतात. खांद्याची खोबण उथळ असल्याने ते डोके जागेवर राखण्याचे बरेचसे काम या कंडराच करतात.

सर्वाधिक फाटते ती सुप्रास्पायनेटसची कंडरा. ती खांद्याच्या टोकाच्या हाडाखालच्या अरुंद जागेतून जाते आणि हाडाला चिकटते तिथे तिचा रक्तपुरवठा तोकडा असतो. चाळिशीनंतर झीज वाढते; मधुमेह आणि धूम्रपान तिला हातभार लावतात. खानदेशात रावेर, यावल, चोपडा भागातील केळीच्या बागांत 20-25 किलोचे घड खांद्यावरून वाहून ट्रकमध्ये चढवले जातात, जळगावच्या डाळमिलमध्ये पोत्यांच्या थप्प्या लागतात. यात खांद्यावर ओझे ठेवण्यापेक्षा ते खांद्याच्या वर उचलणे कंडरेला अधिक जाचते. बागेतल्या चिखलात घसरून हात टेकत पडल्यास धडधाकट कंडराही एका झटक्यात तुटू शकते.

रात्री त्या कुशीवर झोपता न येणे आणि हात वर नेताना बळ न लागणे ही मुख्य लक्षणे. ‘खांदा आखडला’ म्हणून महिनोन्‌महिने चोळून घेणारे पुष्कळ असतात. फरक मात्र साधा आहे: आखडलेला खांदा दुसऱ्याने उचलला तरी वर जात नाही, कंडरा फाटलेला बहुधा जातो, पण स्वतःच्या जोरावर उचलत नाही. सोनोग्राफी किंवा एमआरआयने खात्री होते.

प्रत्येक फाटीला शस्त्रक्रिया लागत नाही. अर्धवट किंवा वयोमानाने झालेल्या फाटीत आधी व्यायाम आणि औषधे देतात. अपघाताने पूर्ण तुटलेल्या कंडरेबाबत मात्र थांबणे महागात पडते: तुटलेले टोक मागे ओढले जाते, स्नायू सुकतो, त्यात चरबी भरते आणि पुढे जोडणी अवघड होते.

बोस्टनचे शल्यविशारद अर्नेस्ट कॉडमन यांनी 1911 मध्ये या कंडरेच्या जोडणीचे वर्णन प्रसिद्ध केले. आता ती बहुतेकदा दुर्बिणीतून होते. लहान छिद्रांतून सांध्यात सलाईन सोडून जागा मोकळी करतात, हाडाचा पृष्ठभाग खरवडून ताजा करतात, त्यात धागे जोडलेले अँकर (हाडात रुतणारे छोटे खिळे) बसवतात, ते धागे कंडरेतून ओवून तिला हाडावर घट्ट आवळतात.

टाके ही तात्पुरती पकड. कंडरा हाडाशी जुळायला काही महिने जातात. साधारण 4 ते 6 आठवडे हात झोळीत राहतो, ताकदीचे व्यायाम सुमारे 3 महिन्यांनी सुरू होतात, जड उचलण्याला 6 महिने किंवा अधिक लागतात. वेदना त्याआधीच ओसरते आणि रोजंदारीवरचा माणूस कामावर परततो. जोडणी पुन्हा फाटण्याचा मोठा धोका इथेच आहे. म्हणून हंगाम, मजुरी आणि घरातला पर्यायी हात यांचा हिशोब डॉक्टरांनी ऑपरेशनपूर्वीच रुग्णासोबत मांडला पाहिजे.

जोडता न येणाऱ्या जुन्या, मोठ्या फाटीत, विशेषतः वृद्धांमध्ये, गोळा आणि खोबण यांची अदलाबदल केलेला कृत्रिम सांधा बसवतात. त्याची आजची रचना फ्रान्सच्या पॉल ग्रामाँ यांनी 1985 च्या सुमारास विकसित केली. अशा सांध्यात हात वर नेण्याचे काम मुख्यतः खांद्यावरचा डेल्टॉइड स्नायू करतो.