अनाथ गोरिला जंगलात परततात, पण कळपाचं दार कोण उघडतं?

2019 साली काँगोच्या विरुंगा राष्ट्रीय उद्यानातला एक सेल्फी जगभर फिरला. वनरक्षकाच्या मागे दोन गोरिला माद्या माणसासारख्या ताठ उभ्या होत्या. 2007 मध्ये दोघींच्या आया मारल्या गेल्या होत्या. असा फोटो पाहून गोरिला पाळता येतो असं वाटू लागतं, आणि तिथेच घोटाळा होतो. पिल्लू हाती लागतं ते बहुतेक वेळा आईला मारूनच, कारण ती त्याला सोडत नाही. मध्य आफ्रिकेत काही ठिकाणी गोरिलाच्या हाडांनी अंगात बळ येतं अशी समजूत आहे. ते हाड रासायनिकदृष्ट्या बकऱ्याच्या हाडासारखंच कॅल्शियम फॉस्फेट आणि कोलॅजनचं असतं.

अनाथ गोरिलांच्या पुनर्वसन केंद्रात आलेलं पिल्लू जुलाबांनी सुकलेलं असतं, दोरीने अंग सोललेलं असतं. आधी पाणी आणि क्षार, मग बाटलीने थोडं थोडं दूध. त्याला किमान महिनाभर विलगीकरणात ठेवतात, पण एकटं ठेवत नाहीत. आईच्या अंगाला बिलगून वाढणारं हे पिल्लू एकटं पडलं की खाणंच टाकतं. म्हणून सांभाळणारा माणूस त्याला रात्रंदिवस छातीशी धरतो, तोंडाला मास्क लावून. आपल्या साध्या सर्दीच्या विषाणूने गोरिलाला न्यूमोनिया होऊ शकतो. पुढे जाळीआडून इतर गोरिलांची ओळख करून देतात: आधी नजर, मग वास, मग बोटांचा स्पर्श.

खरी गंमत पुढे आहे. गोरिलाची मादी वयात आली की बहुधा जन्माचा कळप सोडते आणि दुसऱ्या सिल्व्हरबॅककडे, म्हणजे रुपेरी पाठीच्या प्रौढ नराकडे जाते. त्यालाही नवी मादी हवीच असते. अट एकच, तिच्या कडेवर दुसऱ्याचं पिल्लू नको. पिल्लू अंगावर पीत असतं तोवर मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमधून जीएनआरएच या संप्रेरकाचे स्पंद मंदावतात. मग अंडाशयातून अंडं सुटायला लागणारं एलएच हे संप्रेरक पुरेसं वाढत नाही आणि अंडोत्सर्ग होत नाही. दोन बाळंतपणांत साधारण चार वर्षांचं अंतर पडतं. पिल्लू मेलं तर मादी लवकर माजावर येते, म्हणून परका नर ते मारू शकतो. पुनर्वसन केंद्रांत माद्यांना गर्भनिरोधक देतात ते जागा आणि पैसा अपुरा म्हणून, पण सोडायच्या वेळी त्याचा हाही फायदा होतो.

पूर्व काँगोत कासुघो इथल्या 'ग्रेस' केंद्राने याच स्वभावाचा आधार घेतला. ऑक्टोबर 2023 मध्ये ग्राउअर गोरिलांच्या, म्हणजे पूर्व काँगोतल्या उपप्रजातीच्या, चार अनाथ माद्यांना हेलिकॉप्टरने विरुंगातल्या माउंट त्शिआबेरिमूवर नेलं. ही जागा तीन हजार मीटरच्या आसपास, थंड, बांबूची. तिथे दहापेक्षाही कमी गोरिला उरले होते, म्हणजे माद्या आल्या नसत्या तर ते पुढेमागे संपण्याची भीती होती. आधी त्यांना कुंपणात ठेवलं, तिथलं खाणं आणि थंडी अंगवळणी पडू दिली. म्वासा नावाचा जंगली सिल्व्हरबॅक कुंपणापाशी येऊ लागला. 2024 मध्ये कुंपण उघडलं आणि माद्या त्याच्याबरोबर गेल्या.

अनाथ नरांना ही वाट नाही. तरुण नराला दुसरा सिल्व्हरबॅक कळपात घेत नाही. त्याला वर्षानुवर्षं एकटं किंवा इतर नरांबरोबर राहून स्वतःच माद्या मिळवाव्या लागतात, मारामारीत जबर जखमा होतात, आणि माणसाला न बिचकणारा एकटा नर शेताकडे वळला तर गावकऱ्यांशी गाठ पडते. म्हणून नरांसाठी आधी मोकळं, गोरिला नसलेलं रान शोधावं लागतं.