घाटावरून उतरताना वारा तापतो

फेब्रुवारी संपत आला की ठाण्यात काही दुपारी अशा येतात की घाम अंगावर टिकतच नाही. ओठ फुटतात आणि गच्चीवर वाळत घातलेली जीन्स तासाभरात कडक होते. एरवी कोकणपट्टीची ओळख असलेला चिकचिकाट कुठल्या कुठे गेलेला असतो आणि पारा 38-39 पर्यंत पोचलेला असतो. दुसऱ्या दिवशी बातमीत ठरलेलं वाक्य येतं, ‘राजस्थान-गुजरातकडून येणाऱ्या उष्ण वाऱ्यांमुळे’. कधी कधी ते खरंही असतं. पण अशा बऱ्याच दिवशी वारा मुरबाड-कर्जतच्या बाजूने, म्हणजे पूर्वेकडून वाहत असतो, आणि तो जिथून निघाला त्या घाटमाथ्यावर हवा ठाण्यापेक्षा थंडच असते. मग ही उष्णता येते कुठून?

आल्प्स पर्वताच्या उत्तर उतारावरच्या लोकांनाही हाच प्रश्न पडला होता. तिथे ऐन हिवाळ्यात दक्षिणेकडून कोरडा, ऊबदार वारा खाली येतो आणि बर्फ झपाट्याने नाहीसा करतो. त्याचं नाव फॉन. तो सहारा वाळवंटातून येत असणार, असं तेव्हा बरेच जण धरून चालले होते. ऑस्ट्रियाचे हवामानशास्त्रज्ञ युलियुस हान यांनी 1866 मध्ये दाखवून दिलं की त्यासाठी सहाराची गरज नाही. वारा डोंगर उतरताना स्वतःच तापतो.

कारण साधं आहे. उंचावर हवेचा दाब कमी असतो आणि खाली येऊ तसा तो वाढत जातो. उतरणारी हवा त्या दाबाखाली आकसते, आणि हवा दाबली की तापते. कोरडी हवा 1 किलोमीटर खाली आली की जवळजवळ 10 अंशांनी तापते. यात बाहेरची उष्णता अजिबात मिसळावी लागत नाही. वर चढताना उलट होतं, पण तिथे एक मेख आहे. चढणाऱ्या हवेत ढग तयार झाले तर बाष्पाचं पाणी होताना उष्णता सुटते, त्यामुळे ती किलोमीटरला 5-6 अंशच थंड होते. पाऊस अलीकडे पडून गेला की तीच हवा पलीकडे उतरताना पूर्ण 10 अंशांच्या दराने तापते. चढताना कमी गमावलं, उतरताना जास्त मिळवलं. रॉकी पर्वताच्या पूर्व पायथ्याशी या वाऱ्याला चिनूक म्हणतात. 22 जानेवारी 1943 रोजी अमेरिकेतल्या स्पिअरफिश गावात त्याने दोन मिनिटांत पारा उणे 20 अंशांवरून 7 अंशांवर नेला.

आपल्याकडे मार्चमध्ये घाटावर पाऊस नसतो, म्हणून आपला पूर्ववारा आल्प्सपेक्षा कॅलिफोर्नियाच्या सांता आना वाऱ्याचा जवळचा नातेवाईक आहे. तिथेही पश्चिमेला समुद्र, पूर्वेला उंच कोरडं पठार आणि मध्ये डोंगर. जानेवारी 2025 मध्ये लॉस एंजेलिसच्या उपनगरांत आगी भडकल्या, तेव्हा हाच वारा सुटला होता. आपलं दख्खनचं पठार तेवढं उंच नाही. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटरवर आहे. पण तेवढीही उंची पुरते. पुण्यातली 35 अंशांची हवा न मिसळता, न थांबता समुद्रसपाटीला आणली तर ती साडेचाळीस अंशांच्या आसपास भरेल. आणि तापलेल्या हवेत जास्त बाष्प मावू शकतं, म्हणून घाटावर 30 टक्के असलेली सापेक्ष आर्द्रता (मावू शकणाऱ्या बाष्पातला प्रत्यक्ष असलेला वाटा) खाली येईपर्यंत 22-23 टक्के उरेल, पाण्याचा एक थेंबही न गमावता.

ही बेरीज ठाण्यात रोज अशी जुळत नाही, कारण खारे वारे मध्ये पडतात. नेहमीच्या दिवशी ते दुपारच्या सुमारास समुद्रावरून येतात आणि पारा तिथेच अडतो. पूर्ववारा जोरात असला की ते किनाऱ्यावरच खोळंबतात. कुलाब्याला आधी सुटका मिळते. ठाणं आणि नवी मुंबई समुद्रापासून पंधरा-वीस किलोमीटर आत, त्यात ठाण्याच्या पश्चिमेला येऊरचे डोंगर आडवे. त्यामुळे इथे दोन-दोन तास जास्त भाजून निघावं लागतं, आणि बदलापूर-कर्जतला त्याहून जास्त. किनारी भागात कमाल तापमान 37 अंशांवर जाऊन सरासरीपेक्षा साडेचार अंश जास्त असलं की हवामान विभाग उष्णतेची लाट धरतो. घाटाच्या कुशीतल्या, रायगड जिल्ह्यातल्या भिऱ्याला मार्च 2017 मध्ये 46.5 अंशांची नोंद झाली आणि सगळे चक्रावले. त्या आकड्यावर शंकाही घेतली गेली. मला तो जरा फुगलेलाच वाटतो, पण भिरा आसपासच्या गावांपेक्षा तापतं यात नवल नाही, कारण वारा थेट त्याच्या डोक्यावर उतरतो.

यामुळेच सांताक्रूझचे जुने उच्चांक मे महिन्यातले नाहीत. 41.7 अंश 28 मार्च 1956 चे आणि 42.2 अंश 14 एप्रिल 1952 चे. मेमध्ये पश्चिमेचा वारा स्थिरावतो. तेव्हा जीव नकोसा होतो तो दमटपणाने, पारा मात्र बहुतेक दिवस पस्तिशीच्या आतबाहेर असतो.

या वाऱ्याची खूण डोंगरांवरही दिसते. पारसिक, खारघर, येऊर इथलं गवत तोवर पिवळं पडलेलं असतं, सागाची पानं जमिनीवर. आग बहुधा माणूसच लावतो, पण ती एका उतारावरून दुसऱ्या उतारावर नेण्याचं काम कोरडा वारा करतो. स्वित्झर्लंडमधल्या ग्लारुस शहराचा मोठा भाग मे 1861 मध्ये फॉन वाहत असताना असाच जळाला. कोकणात हापूसच्या बागांत अशा उन्हाने सुपारीएवढ्या कैऱ्या गळतात. मिठागरांना मात्र हीच हवा फायद्याची, कारण खाचरातलं पाणी भराभर उडून जातं.

जूनमध्ये वारा फिरतो आणि नियमाची पाळी घाटापलीकडच्यांवर येते. अरबी समुद्राची ओली हवा सह्याद्री चढते, महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पाडते आणि मग पूर्वेला उतरू लागते. उतरताना ती तापते, ढग विरतात. पाचगणी जेमतेम वीस किलोमीटरवर, पण पाऊस तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. आणखी पूर्वेला माण-खटावमध्ये तो 500 मिलिमीटरच्या आसपास येतो, म्हणून एकाच सातारा जिल्ह्यात एका टोकाला सदाहरित जंगल आहे आणि दुसऱ्या टोकाला बाभळी, माळरान आणि उन्हाळ्यातले पाण्याचे टँकर.